फणसवाडी ते उमरखाडी

पहाटे ५

फणसवाडीत व्यंकटेशाच्या देवळातलं सुप्रभातम् ऐकू येतं, तोवर आमच्या निवाऱ्यातली निम्मी माणसं कामाला लागलेली असतात. भुलेश्वरच्या फूलगल्लीत झेंडूच्या टोपल्या उतरवणारे सगळ्यांत आधी जातात. मग क्रॉफर्ड मार्केटचे पाटीवाले, मग काळबादेवीत कापडाच्या गाठी ओढणारे हातगाडीवाले. एक जण ब्रश, सुपली आणि घमेलं घेऊन झवेरी बाजाराकडे निघतो. पेढ्यांची शटरं वर जायच्या आत गल्लीतली धूळ आणि गटाराकाठची माती झाडून आणायची, धुवायची, तिच्यात सोन्याचा कण निघतो का बघायचं, हा त्याचा धंदा. बापही हेच करायचा. "मिळतं का काही?" असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "ताई, मिळत नसतं तर रोज गेलो असतो का?"

बेघर म्हणजे रिकामटेकडा अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा या वेळेला आमच्या दाराशी येऊन उभं राहावं. चहासुद्धा मिळणार नाही, सगळे घाईत असतात.

मी फणसवाडीतच चाळीत राहते आणि इथून हाकेच्या अंतरावर एका संस्थेचा पुरुषांचा निवारा सांभाळते. पन्नास खाटा, लोखंडी, दुमजली. ही जागा पूर्वी गोदाम होती. दाराला बाहेरून भली जाड कडी होती. ती सुरुवातीलाच सुताराकडून काढून घेतली, कोयंड्याची चार भोकं अजून दिसतात. कडी आता आतून आहे.

रात्रपाळीचा केअरटेकर रजिस्टर पुढे करतो. सत्तेचाळीस हजर. एकाला ताप, पॅरासिटामॉल दिली. शिवाय एक नवीन. "रात्री अकराला आपल्या इथल्या केटरिंगच्या पोरांनी आणला. चर्नी रोडच्या जिन्याखाली बसला होता. म्हणतो, अठरा पूर्ण. मला नाही वाटत. ऑफिसातच गादी टाकून दिली, पोलीस स्टेशनला कळवून नोंद केली, १०९८ला पण फोन लावला."

शहाणा माणूस. मोठ्यांच्या निवाऱ्यात अल्पवयीन मूल ठेवता येत नाही, आणि रात्री अकराला परत जिन्याखाली पाठवताही येत नाही.

सकाळी ६.३०

पोरगं उठून गादीची घडी घालून बसलं होतं. ओठावर नुकती लव. जन्मतारीख विचारली तर साल बरोबर अठरा वर्षांमागचं सांगितलं, पण महिना सांगताना अडखळलं. मी काही बोलले नाही. चहा आणि दोन पाव दिले. दुसऱ्या पावाला त्याने स्वतःच दप्तर उघडलं. शाळेचं बोनाफाईड निघालं. नववी. पंधरा वर्षं.

जालन्याकडचा. आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि वस्तीतली निम्मी घरं रिकामी होतात. यंदा बापाने याच्याही हातात कोयता द्यायचं ठरवलं होतं. हा गाडीत चढलाच नाही, उलट्या दिशेची रेल्वे पकडली. "मुंबईत हॉटेलात काम मिळतं, म्हणून आलो." आईबाप सध्या कुठे, तर कोल्हापूरकडे एका कारखान्याच्या उसात, कोपीत. म्हणजे पाचटाच्या झोपडीत. नंबर फक्त मुकादमाचा.

बेघरांच्या मोजणीत हे आईबाप कुठे बसतात, असा प्रश्न मला दर नोव्हेंबरात पडतो. गावात त्यांचं घर आहे, कागदोपत्री सगळं ठीक. वर्षाचे पाच-सहा महिने मात्र उसाच्या फडाशेजारी.

बाल न्याय कायद्याने अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. समिती आमच्यापासून चालत अर्ध्या तासावर, उमरखाडीला. दहाला निघू, असं ठरवलं.

सकाळी ८

या तासाला लॉकरची भांडणं. आमच्याकडे प्रत्येक खाटेमागे एक लॉकर आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे. ऑफिसात दुसरी किल्ली नाही, त्यामुळे ज्याची हरवते त्याचं कुलूप तोडावं लागतं आणि नव्या कुलपाचे पैसे कोणी द्यायचे यावर तावातावाने चर्चा होते. आज गाठीवाल्याची हरवली. त्याचं आधार कार्ड, रेशनचा अर्ज, बायकोचा फोटो आणि चार हजार रुपये आत. कुलूप तोडेपर्यंत तो लॉकरला पाठ लावून उभा राहिला.

बाहेरच्या लोकांना वाटतं, बेघराला सर्वांत आधी छप्पर हवं. माझा अनुभव असा की छप्पर त्याने कुठे ना कुठे शोधलेलं असतं: पुलाखाली, दुकानाच्या फळीखाली. मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा ठाकूरद्वारपासून पुढे पत्र्यांच्या आडोशाला कित्येकांनी वर्षं काढली. पत्रे निघाले, स्टेशन झालं, फुटपाथ लख्ख झाला, आणि ती माणसं आडोसा शोधत पांगली. छप्पर असं जुगाडाने मिळतं. कुलपात ठेवायला जागा मिळत नाही. कागद पावसात भिजतात, पैसे झोपेत जातात, गाठोडं महापालिकेची गाडी उचलून नेते.

मोबाईलवर कोकणातून मेसेज: "टिपण आज मिळेल ना?"

हे टिपण माझ्या मानगुटीवर बसलंय. तिकडच्या एका तालुक्याच्या गावी ओळखीचे एक नगरसेवक आहेत. तहसील कचेरीमागे जुना सबजेल. कैदी आता जिल्ह्याला नेतात, इमारत वर्षानुवर्षं बंद. एसटी स्टँडवर झोपणाऱ्यांचा प्रश्न निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, जेल रिकामाच आहे, तिथे करा की निवारा. उद्या बैठक. या तुरुंगाचा निवारा होईल का, आणि होणार असेल तर काय काय बदलायचं, हे मी लिहून द्यायचं. फोटो पाठवलेत: दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, चार बराकी, मध्ये अंगण, अंगणात विहीर. कौलं फुटलेली. गजांची दारं शाबूत.

सकाळी १०

मी आणि पोरगं चालत निघालो. टॅक्सीचं बिल मंजूर होत नाही असं नाही, पण चालताना मुलं बोलतात.

चिराबाजार ओलांडून भुलेश्वरात शिरलो. पांजरापोळाच्या दाराशी त्याने पाय रोवले. आत गाई. भर बाजारात, बांगड्यांच्या आणि स्टीलच्या दुकानांच्या गर्दीत, एवढ्या गाई! गावाकडचं पोरगं, त्याच्या चेहऱ्यावर मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी दिसल्याचा आनंद. चाऱ्याची पेंढी घेऊन दिली. या पांजरापोळाची गोष्ट मोठी गमतीची. १८३२मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. पुढे १८३४मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांनी भटक्या, भाकड जनावरांसाठी हा पांजरापोळ काढला. तो अजून चालू आहे. मुंबईने जनावराला हक्काचा निवारा १८३४ साली दिला. माणसाला द्यायला सर्वोच्च न्यायालयाला २०१०मध्ये आदेश काढावा लागला: दर एक लाख वस्तीमागे एक, चोवीस तास, बारा महिने उघडा निवारा. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. हिशेब ज्याचा त्याने करावा. आपण त्याच्या जवळपासही नाही, एवढं इथे बसून सांगते.

सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळेवरून पुढे जाताना पोराने विचारलं, "इथं का नाही ठेवत मला?" म्हटलं, "ही यात्रेकरूंसाठी. परत जायला घर आहे अशांसाठी." त्यावर तो बराच वेळ गप्प. नळबाजार, मग महंमद अली रोड, वर उड्डाणपूल, खाली खजुराच्या गाड्या. पलीकडे डोंगरी.

सकाळी १०.४५, उमरखाडी

भिंत आधी दिसते. उंच, काळ्या दगडाची. पोरगं पुन्हा थांबलं, पण या वेळी वेगळं. "हा जेल आहे," म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

खोटं कशाला बोलायचं? "होता," मी म्हटलं. "एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. डोंगरीचा तुरुंग. टिळक होते इथे, आणि आगरकर."

"शेंगांच्या टरफलांवाले टिळक?"

"तेच."

"त्यांनी काय केलं होतं?"

"छापलं होतं."

कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे छत्रपतींना छळतात, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'त आला, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि १७ जुलै १८८२ला दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. एकोणीस दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी लगोलग 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. आगरकरांना सव्विसावं लागून... नव्हे, सव्विसावं पुरं होऊन तीनच दिवस झाले होते, आणि टिळकांचा सव्विसावा वाढदिवस, २३ जुलै, इथेच कोठडीत गेला. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतले पगडीवाले टिळक बघून हे लक्षातच येत नाही की आमच्या केटरिंगच्या पोरांच्या वयाची ही दोन मुलं होती. रात्र रात्र बोलत बसायची. आवाज इतका चढायचा की पहारेकरी येऊन दटावायचा. पुढे दोघांचं पटलं नाही ते सगळ्यांना माहीत आहे.

तुरुंगाचा निवारा करता येतो का, याचं उत्तर मुंबईपुरतं या भिंतीआड आहे. १९२४मध्ये मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा आला. मुलांना मोठ्या गुन्हेगारांबरोबर डांबायचं नाही, हा त्याचा गाभा. त्याखाली काम करायला १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. टिळक-आगरकरांच्या या तुरुंगाचं मुलांचं गृह झालं. हरवलेली, टाकलेली, पळून आलेली, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं गेली कित्येक दशकं इथे येतात. गिरगावात आजही आई चिडली की म्हणते, "डोंगरीला टाकीन." इमारतीचं काम बदललं, धाक तसाच राहिला. सबजेलवाल्यांना हे कळवलंच पाहिजे. तालुक्याच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या दारावरून मान खाली घालून गेलेले असणार. कमानीवरची 'कारागृह' ही अक्षरं चुन्याने झाकून भागायचं नाही. अंगणात आधी दुसरं काही चालू करा, पोळीभाजी केंद्र, रक्तदाब तपासणी, ज्याला गावातलं कुणीही येईल. झोपायला माणसं मग आणा.

बाकावर पाऊण तास. आमच्या आधी दोन बहिणी होत्या. मग आमचा नंबर. समितीने बोनाफाईड पाहिलं, पोराला शांतपणे ऐकून घेतलं, मुकादमाचा नंबर उतरवून घेतला. जालन्याकडून घरचा सामाजिक तपासणी अहवाल मागवायचा, आईबापांशी संपर्क करायचा, तोवर मूल बालगृहात. नेहमीचं. नेहमीचं नव्हतं ते पोराचं बोलणं: "मला कोयता नको, मी दहावी करतो, पण सीझन संपेस्तोवर गावात मला जेवायला कोण घालणार?" याचं एक उत्तर हंगामी वसतिगृह. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ती योजना आहे. त्याच्या गावात ती चालू आहे का, ते अहवालातून कळेल.

निघताना त्याने मला विचारलं, "इथून बाहेर जाता येतं का?"

"नाही. घरच्यांशी बोलणं होईपर्यंत नाही."

हे उत्तर मला टोचलं, आणि तरी ते बरोबर आहे असं मला वाटतं. पंधरा वर्षांच्या पोराला रात्री चर्नी रोडच्या जिन्याखाली कोण कोण भेटतं, ते मला ठाऊक आहे. त्याच्यासाठी बाहेरून कडी लावणारं कुणी असेल तर काही काळ असू दे. पण पन्नाशीच्या हमालाला तोच नियम लावला की त्याचा पुन्हा तुरुंग होतो. आपल्याकडे हा घोळ कायद्यानेच केलेला आहे. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा पाहा. पोलिसांनी वॉरंटशिवाय उचलायचं, पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहापर्यंत. वर त्या जागेला 'गृह' म्हणायचं. मुंबईचा हा कायदा दिल्लीनेही लागू केला होता. तिथे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तो आहे.

दुपारी २

डबा खाऊन टिपणाला बसले. दुपारी निवाऱ्यात फक्त तापवाला आणि दोन म्हातारे. दिवसा दार बंद करून सगळ्यांना बाहेर काढायचं, अशी काही ठिकाणी पद्धत आहे. ती मला मान्य नाही. आजारी माणसाने दुपारी जायचं कुठे?

परदेशातलं एखादं उदाहरण घाला, त्याने सभागृहात वजन पडतं, असं नगरसेवकांनी सुचवलं होतं. घातलं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या उत्तर टोकाला वापाटो नावाचा तुरुंग २००४मध्ये बांधून पुरा झाला. ५२५ जणांची सोय, सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर खर्च. चालवायला पैसे नाहीत म्हणून त्यात एकही कैदी आला नाही. सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणाला भाड्याने जायचा. २०१८मध्ये काउंटीने तो विकला, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये तिथे बेघरांसाठी बायबी लेक्स होप सेंटर सुरू झालं. मधल्या काळात वाद झाला तो बहुतेक दोन गोष्टींवरून: एक तर तुरुंगात माणसं ठेवणं योग्य का, आणि दुसरं म्हणजे जागा शहरापासून फार लांब. नेदरलँड्समध्येही कैदी कमी झाले तेव्हा हार्लेमचा घुमटाचा तुरुंग २०१६च्या सुमारास निर्वासितांना राहायला दिला.

पहिल्या मुद्द्यावर सगळे भावुक होतात. खरा मुद्दा दुसरा आहे. बेघर माणूस कामाजवळ झोपतो. फूलगल्लीच्या माणसाला तुम्ही मानखुर्दला संगमरवरी खोली दिलीत तरी पहाटे पाचला तो झेंडूपाशी पोचणार कसा? म्हणून टिपणात वरतीच लिहिलं: सबजेल तहसील कचेरीमागे, म्हणजे एसटी स्टँड आणि बाजार चालत पाच मिनिटं. हे तुमचं भांडवल. कौलं नंतर.

मग मोजमापं. केंद्राच्या २०१३च्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्याला माणशी किमान ५० चौरस फूट धरलेत. बराकीची लांबी-रुंदी फोटोंवरून अदमासे धरली, तर चार बराकींत चाळीसच्या पुढे नेऊ नका. कैदी किती कोंबायचे, हा आकडा दाराशेजारी रंगवलेला आहे. तो माझ्या आकड्याहून बराच मोठा आहे.

दुपारी ४

तापवाला उठून बसला होता. पन्नाशीचा, एकेकाळी भायखळ्याला भाजीच्या गाड्या लोटायचा. त्याला भिकारी म्हणून उचललं होतं, वर्षभर आत काढलं. त्याच्याविषयी कुठे लिहायचं नाही असं सांगून ठेवलंय, म्हणून एवढंच. त्याला फोटो दाखवले. चष्मा पुसून नीट बघत बसला.

"ताई, बटण कुठंय?"

"कसलं?"

"लाईटचं."

मी फोटो मोठा करून पाहिला. चारही बराकींची बटणं बाहेर, व्हरांड्यात. दाराच्या गजांतून हात काढला तरी पोचणार नाही अशा अंतरावर.

"आत लाईट रात्रभर चालू ठेवतात. डोळ्यावर गमछा टाकून झोपायचं. तुम्ही काय पण करा, बटण आत घ्या. आणि संडासला दार लावा. आतून कडीचं."

बराकीच्या कोपऱ्यात कंबरेएवढ्या भिंतीआड संडास, पहाऱ्यावरच्याला बसलेल्याचं डोकं दिसावं म्हणून. हे मी फोटोत पाहिलं होतं आणि 'स्वच्छतागृह दुरुस्ती' असं एका ओळीत लिहून पुढे गेले होते. ती ओळ खोडून त्याने सांगितलं तसं लिहिलं. खिडक्यांचंही तोच बोलला: झरोके छताजवळ आहेत, त्यातून आभाळ दिसतं, रस्ता नाही. डोळ्याच्या उंचीवर फोडा. गजांची दारं काढून साधी लाकडी बसवा. एखादं गजांचं दार आठवण म्हणून ठेवू का, असं नगरसेवकांनी विचारलं होतं, तेही मी त्याच्या कानावर घातलं.

"ठेवा की," म्हणाला, "कचेरीत."

सायंकाळी ६

चंदनवाडीला वॉर्ड ऑफिस. पाण्याच्या जोडणीचा अर्ज. साहेब साईटवर.

रात्री ८

फेरी. मी आणि आमचा फिल्डवरचा मुलगा. मरीन लाइन्सचा पूल, जिमखान्यांच्या मागची बाजू, चर्नी रोड, परत ठाकूरद्वार. तुळशीची लग्नं उरकली, आता माणसांची सुरू, त्यामुळे जिमखान्यांवर रोज रोषणाई आणि मागच्या दाराशी भांडी घासणाऱ्यांची रांग.

"निवारे असून माणसं येत नाहीत, म्हणजे त्यांना फुटपाथच आवडतो," असं म्हणणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना एकदा फेरीला न्यायला हवं. पुलाखालच्या जोडप्याला आम्ही घेऊ शकत नाही, कारण आमचा निवारा फक्त पुरुषांचा. नवऱ्याने एकीकडे आणि बायकोने भलतीकडे झोपायचं, लेकरू कुणाकडे? ते येत नाहीत, आणि बरोबर करतात. हातगाडीवाल्याला गाडी सोडून येता येत नाही, कारण गाडी भाड्याची. एकाकडे कुत्रं आहे. एक म्हातारी म्हणाली, "माझा माणूस इथून हरवला, तो इथेच येईल." तिच्यापुढे काय बोलणार? अंगावर शाल टाकली आणि पुढे गेलो. दारू पिऊन आलेल्याला घ्यायचं की नाही, यावर संस्थेत अजून वाद चालू आहे. मी 'घ्यावं' या बाजूची. तो बाहेर राहिला म्हणून शुद्धीवर लवकर येतो असं काही नाही.

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. त्या रात्री मुंबईत पन्नास हजारांवर माणसं भरली. आम्ही काम करणारे तो आकडा ऐकून हसतो. पहाटे साडेतीनला झोपून साडेपाचला उठणारा केटरिंगचा पोऱ्या त्या रात्री कुठल्या फॉर्मवर आला असेल?

टिपणात फेरीवरून आल्यावर वाढ: चारपैकी एक बराक पडदे टाकून कुटुंबांसाठी करा. अंगण मोठं आहे, हातगाड्या आत लावू द्या. विहिरीवर जाळी.

रात्री १०.३०

घरी. टिपण पाठवलं. पाच मिनिटांत नगरसेवकांचा फोन. जेवणं झाल्याचं ऐकू येत होतं.

"मॅडम, छान झालंय. एकच शंका. रात्री गेटला बाहेरून कुलूप नको म्हणता, मग कुणी निघून गेलं तर जबाबदार कोण?"

"कुणीच नाही. मोठी माणसं आहेत. रजिस्टरला वेळ लिहायची."

"कलेक्टर ऑफिस ऐकणार नाही हो."

"मग त्यांना सांगा, रात्री दीड वाजता काम संपवून येणाऱ्याला कुलूप कोण उघडून देणार ते आधी लिहून द्या. त्याचा पगार कुठल्या हेडखाली तेही."

ते हसले. बघतो म्हणाले. बैठकीत ते काय करतील ते करतील. माणूस वाईट नाही, पण सबजेलची जागा बाजाराला लागून आहे आणि त्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहावं असं वाटणारे लोकही त्याच सभागृहात बसतात. म्हणून मी मोजमापांचा तक्ता वेगळा जोडलाय. संकुल म्हटलं की कुणी दाराच्या कड्या मोजत बसत नाही, निवारा म्हटलं की मोजतात. मोजूनच द्यावं.

मुकादमाचा फोन दुपारपासून लागत नव्हता, तो आता लागला. फडावर रेंज नसते, रात्री गाड्या भरताना येते. पोराची आई बोलली. मागे ट्रॅक्टरचा आवाज. आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग विचारलं, "जेवला का?" समितीतल्या बाईंचा नंबर तिला तीनदा सांगितला, मुकादमाच्या पोराने हातावर लिहून घेतला.

रात्री १२.५०

केअरटेकरचा फोन. केटरिंगची मुलं जिमखान्यावरून आली. बरोबर दोन डबे उरलेला पुलाव आणि पनीरची भाजी. तापवाल्यासकट सगळे जागे झालेत, वाढू का, असं विचारतोय.

पुलाव वाढ म्हटलं. पनीर आधी वास घेऊन बघ, आणि तापवाल्याला देऊ नकोस.